माळावरचा तरवड

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता खेड-शिवापूर मागे टाकून भोर तालुक्यात शिरतो, तेव्हा उजव्या हातास दोन वाटा फुटतात. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून निघणारी पहिली वाट तोरणा व राजगड यांच्या पायथ्याकडे, म्हणजे वेल्ह्यास जाते. या वेल्हे तालुक्यास आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. दुसरी वाट कापूरहोळहून निघून भाटघरच्या धरणावरून भोरला, तेथून हिरडोशीकडे व शेवटी वरंध घाटाने कोकणात उतरते. या वाटांनी जाणाऱ्या माणसाचे लक्ष असते ते गडांकडे, नाहीतर धरणांच्या पाण्याकडे. रस्त्याच्या कडेस, बांधावर आणि उघड्या माळावर जे कमरेएवढे, फार तर पुरुषभर उंचीचे झुडूप पिवळ्या फुलांनी भरून उभे असते, त्याच्याकडे थांबून पाहणारा विरळा. आश्विनात घट बसले म्हणजे मात्र याच फुलांची आठवण होते. देशावरील अनेक घरांतून घटावर जी माळ चढते, ती तरवडाच्या फुलांची असते. नऊ दिवस ज्याला देवघरात मान, त्याला उरलेले वर्षभर उकिरड्याच्या कडेला जागा, असा या तरवडाचा संसार आहे.

तरवड कोठे भेटतो आणि कोठे भेटेनासा होतो, हे पाहण्यासारखे आहे. महामार्गावरच्या सारोळे, किकवी या बाजूस, नीरा नदीकाठच्या मुरमाड जमिनीत तो मुबलक दिसतो. पश्चिमेकडे जावे तसतसा तो विरळ होत जातो. आणि घाटमाथ्याजवळ, जेथे पावसाळ्याचे चार महिने डोंगर ढगांतून बाहेर येत नाहीत, तेथे त्याची जागा कारवीने घेतलेली असते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ती कारवी आणि दर वर्षी न चुकता फुलणारा हा तरवड, दोन्ही झुडपेच. परंतु एकीला जितका पाऊस लागतो, तितका दुसऱ्याला सोसत नाही. घाटमाथा आणि सारोळे यांत सरळ रेषेने चाळीस-एक किलोमीटरांचे अंतर असेल. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. भिंत ओलांडून खाली उतरणारी हवा तापत व कोरडी होत जाते. म्हणून माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, महामार्गापाशी तो त्याच्या लहानशा अंशावर येतो, आणि आणखी पूर्वेस बारामतीकडे गेले तर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पडला तरी शेतकरी समाधान मानतो. पावसाचा हा उतार मोजण्याची साधने नव्हती, तेव्हाही गुराख्याला तो ठाऊक होता. मावळ कोठे संपले आणि देश कोठे सुरू झाला, हे त्याला झुडपे सांगत.

तरवड हा भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथील मूळचा रहिवासी. टाकळा, बहावा आणि सोनामुखी हे त्याचे नातेवाईक. पावसाच्या पहिल्या सरीनंतर ज्या कोवळ्या टाकळ्याची भाजी घरोघर होते, तो टाकळा आणि हा तरवड एकाच गोत्राचे होत. लिनियसने १७५३ साली त्याला जे लॅटिन नाव दिले, त्यातील ‘ऑरिक्युलाटा’ या शब्दाचा अर्थ ‘कानाचा’ किंवा ‘कान असलेला’ असा आहे. हे कान शोधावयाचे तर पानाच्या देठाच्या बुडाशी पाहावे. तेथे दोन्ही बाजूंस गोलसर, पाळीसारखी उपपर्णे चिकटलेली असतात व ती लवकर गळत नाहीत. पान संयुक्त असते, समोरासमोर दलांच्या आठ ते बारा जोड्या. आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीकशी उभी ग्रंथी. ही दले सांजावल्यावर मिटतात. दिवेलागणीनंतर माळावरून परतणाऱ्याला तरवड मलूल झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. सकाळी पाहावे तर पुन्हा टवटवीत.

फुलाची घडण अधिक चतुर आहे. फूल चांगले दोन बोटे रुंद, झळझळीत पिवळे. परंतु त्यात मध नाही. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांच्या परागकोशांना नेहमीच्या फुलांप्रमाणे उभी चीर पडत नाही, तर टोकाशी बारीक छिद्रे असतात, मिठाच्या बुधलीला असावीत तशी. पराग बाहेर काढावयाचे तर बुधली हलविली पाहिजे. हे काम लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे करतात. भुंगा परागकोशांना मिठी मारतो आणि पंख न हलविता छातीचे स्नायू अशा वेगाने थरथरवितो की एक निराळाच, उंच पट्टीचा गुंजारव ऐकू येतो. त्या थरथरीने पराग उडतात. काही भुंगा खाण्यासाठी गोळा करतो, काही त्याच्या पाठीपोटाला लागून दुसऱ्या फुलावर जातात. नवरात्राच्या सुमारास सकाळी तरवडाजवळ घटकाभर उभे राहिल्यास उडतानाचा आवाज आणि फुलावर बसल्यावरचा आवाज यांतील फरक कोणालाही कळेल. स्थलांतर करणारी फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरेही तरवडाच्या पानांवर अंडी घालतात, व त्यांच्या हिरव्या अळ्या त्या पानांवर वाढतात.

अळ्यांखेरीज इतर कोणी तरवडाच्या वाटेस फारसे जात नाही. शेळी काय खात नाही असा प्रश्न पडतो; त्याचे एक उत्तर तरवड हे आहे. त्याची पाने जनावरांना आवडत नाहीत. कोरड्या मुलखात जगावयाचे तर पाणी राखण्याइतकेच तोंडांपासून वाचणे महत्त्वाचे असते, आणि तरवडाने काट्यांच्या ऐवजी चव वापरली आहे. तोडला तर बुडापासून फुटतो. चैत्रातील वणव्यात वरचे खोड जळाले तरी मूळ जिवंत राहते. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. त्यांतील बियांचे कवच इतके टणक असते की बी जमिनीत पडून राहून सोयीच्या पावसाची वाट पाहू शकते. कडधान्यांच्या कुळातील झाड म्हटले म्हणजे ते मुळांवरील गाठींनी जमिनीत नत्र साठविते, अशी समजूत असते. तरवडाच्या बाबतीत ती खरी नाही. त्याच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. तरी दक्षिणेत त्याचा पाला भातखाचरांत तुडवून हिरवळीचे खत करीत आले आहेत. खत म्हणून जे मिळते ते पानांतले, मुळांतले नव्हे.

आता तरवडाच्या सालीकडे वळावयास हवे, कारण त्याचा खरा इतिहास तेथे आहे.

मेलेल्या जनावराचे कातडे तसेच ठेवले तर ओलीत कुजते आणि उन्हात फळीसारखे ताठ होऊन तडकते. ते मऊ राहावे, टिकावे, पाण्यात भिजले तरी नासू नये, यासाठी ते ‘कमवावे’ लागते. कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंना जे द्रव्य धरून बसते, त्यांच्यामधील पाणी हटवून त्यांना एकमेकांशी बांधते आणि मग सूक्ष्म जंतूंना तेथे शिरकाव राहू देत नाही, त्याला टॅनिन म्हणतात. कच्च्या सुपारीने किंवा जांभळाने जीभ जी आखडते, ती याच द्रव्याने. तरवडाच्या सालीत हे टॅनिन वजनाच्या सुमारे अठरा टक्के असते, आणि ते कातड्यात लवकर मुरते. बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे जाड व गडद होते. तरवडाचे फिकट पिवळसर, मऊ आणि चिवट.

काम कष्टाचे होते. दोन-तीन वर्षे वाढलेल्या फांद्या तोडून, लाकडी हातोड्याने ठेचून साल सोडवावयाची आणि वाळवावयाची. कातडी चुन्याच्या पाण्यात मुरवून त्यांवरील केस खरवडून काढावयाचे. मग दक्षिणेतील कारखान्यांत हौदांतून आणि महाराष्ट्रातील खेड्यांत पुष्कळदा निराळ्या रीतीने पुढचे काम चाले. सबंध कातडे पिशवीसारखे शिवून ते तिकाटण्यावर टांगीत, आत ठेचलेली साल व पाणी भरीत, आणि कातड्यातून पाझरून खाली पडणारे तांबूस पाणी पुन्हा पुन्हा वरून ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगीत, म्हणजे गळ्याकडचा भागही सारखा मुरे. या कातड्यांतून मोट होई, पखाल होई, जोडे, आसूड आणि बैलांचा साज होई. विहिरीतून पाणी उपसण्याचे दुसरे साधन नव्हते, त्या काळी देशावरील बागायत या मोटेवर उभी होती. ऊस असो की मळ्यातील भाजीपाला, त्याच्या मुळाशी पोहोचणारे पाणी एका कमावलेल्या कातड्यातून येत असे.

हे काम ढोर समाजाकडे होते. कमावलेल्या चामड्याचे जोडे शिवण्याचे चांभारांकडे. गावाला मोट हवी होती, मोट करणाऱ्याचा शेजार नको होता. ज्या हातांनी विहिरीतले पाणी वर आणण्याची सोय केली, त्या हातांना विहिरीला शिवण्याची बंदी होती. तरवडाचे औषधी गुण निघंटूंतून नोंदले गेले, त्याच्या फुलांची माळ घटावर चढली. पण त्याच्या सालीचे ज्ञान ज्यांनी पिढ्यानुपिढ्या सांभाळले, कोणत्या दिवसांत साल सुटते, किती दिवसांनी पाणी बदलावे, कातडे मुरले हे बोटाने दाबून कसे ओळखावे, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वनस्पतीचा इतिहास सांगताना ही गोष्ट गाळणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

तरवडाच्या चामड्यात एक दोष होता. त्यावर ऊन-प्रकाश पडत राहिला की ते लालसर होत जाई. यावरचा उपाय असा की, तरवडाने कमावलेले कातडे शेवटी हिरड्याच्या पाण्यातून काढावयाचे. हिरड्याचे टॅनिन निराळ्या जातीचे असते. त्याने चामड्याचा फिकट रंग टिकतो आणि वजनही थोडे वाढते. या ठिकाणी भोर-वेल्ह्याचा भूगोल पुन्हा आठवतो. पूर्वेच्या कोरड्या माळावर तरवड, आणि पश्चिमेच्या ओल्या डोंगरांत हिरडा. नीरेच्या खोऱ्याच्या ज्या भागातून बाजीप्रभू देशपांडे पुढे आले, त्या हिरडस मावळाच्या नावातच हिरडा आहे असे मानले जाते. कातडे कमावणाऱ्यास लागणारी दोन्ही द्रव्ये एकाच तालुक्याच्या दोन टोकांस उगवतात, हा योग फार ठिकाणी जुळत नाही. हिरड्याचे कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, औषधास जाते. रंगाच्या व चामड्याच्या धंद्यास लागते ते पूर्ण वाढून वाळलेले. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा वेचून विकणे हा डोंगरी कुटुंबांचा रोख पैशाचा आधार आजही आहे. तरवडाच्या सालीचे मात्र तसे राहिले नाही.

एकेकाळी तिचा बाजार सातासमुद्रांपलीकडे होता. तमिळ भाषेत ‘आवारम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सालीने आणि हिरड्याने कमावलेली कातडी एकोणिसाव्या शतकात मद्रासहून जहाजांत भरून लंडनला जात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांचे वरचे भाग करण्यास या चामड्याचा मोठा उपयोग झाला. परंतु तोवर दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले होते. पहिला क्रोमचा. धातूच्या क्षारांनी कातडे आठवड्यांऐवजी दिवसांत कमावण्याची ही रीत; तिचे प्रयोग आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास मद्रासेत सुरू केले. दुसरा ‘वॉटल’ या परदेशी बाभळीचा. तिच्या सालीत तरवडाच्या जवळजवळ दुप्पट टॅनिन, आणि दक्षिण आफ्रिकेतील सलग लागवडींतून ती हवी तेवढी मिळे. माळावर विखुरलेल्या झुडपांची साल ठेचून गोळा करणाऱ्याने या दोघांशी स्पर्धा ती काय करावी! इकडे मोटही प्रथम लोखंडी पत्र्याची झाली, पुढे तेलाचे इंजिन आले, विजेचा पंप आला. कातड्याची मोट गावातून गेली आणि तिच्याबरोबर तरवडाची साल सोलणाराही गेला. क्रोमचे सांडपाणी नदी-नाल्यांस किती महागात पडते, हे ध्यानी येऊ लागल्यावर वनस्पतीजन्य कमावणीचे नाव पुन्हा निघू लागले आहे. पण गेलेले कसब नुसते नाव काढल्याने परत येत नाही.

औषध म्हणून तरवडाची फुले आजही विकली जातात. तमिळनाडूत त्यांचा काढा मधुमेहावर घेतात. श्रीलंकेत याच झुडपाला ‘रणवरा’ म्हणतात व त्याचा चहा होतो. प्रयोगशाळेतील उंदरांवर फुलांच्या अर्काने रक्तातील साखर उतरल्याचे दिसले आहे. परंतु उंदरावरून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा असतो, आणि चालू औषध सोडून काढ्यावर भिस्त ठेवणाऱ्या रोग्याने स्वतःचे नुकसान करून घेऊ नये. तेलंगणात ‘तंगेडू’ या नावाने हे राज्यपुष्प आहे. बतुकम्माच्या सणात ज्या फुलांचे थर रचतात, त्यांत त्याचे स्थान अगदी मानाचे. महाराष्ट्रात त्याला असे सरकारी पद नाही.

येथे सरकारी दप्तरात तरवडाची नोंद निराळ्या रूपाने होते, आणि चिंतेची गोष्ट ती आहे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर जी जमीन पिकाखाली येत नाही ती ‘पोटखराबा’ म्हणून लिहिली जाते. देशभराच्या पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह केंद्र सरकारने प्रसिद्ध केले, अगदी २०१९ च्या संग्रहापर्यंत, त्यांत झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. एकदा एखाद्या जागेस पडीक म्हटले की तिचा ‘विकास’ करणे हे पुण्यकर्म ठरते. महामार्गालगतच्या माळांवर आखणीचे दगड रोवले जातात, टेकड्या सपाट होतात. आणि जेथे हे होत नाही तेथे कित्येकदा वृक्षारोपणाचा कार्यक्रम येतो. गवत व झुडपे खणून खड्डे घेतले जातात आणि त्यांत गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली जातात. हेतू चांगलाच असतो. पण तरवडावर वाढणारी अळी, त्याच्या फुलावर थरथरणारा भुंगा आणि झुडपांमधल्या गवतात अंडी घालणारा चंडोल यांना त्या हेतूचा उपयोग नसतो.

या सर्वांच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की, दख्खनचे माळ म्हणजे पूर्वीची दाट अरण्ये. माणसाने ती तोडली, गुरांनी चरली, म्हणून तेथे झुडपे उरली. घाटमाथ्याजवळच्या उतारांविषयी हे पुष्कळ अंशी खरे असेल. देशावरच्या कोरड्या पट्ट्याविषयी ते तसे दिसत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतील व लोकगीतांतील रानवनस्पतींचे उल्लेख गोळा करून पाहिले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य वनस्पती उघड्या माळरानाच्याच निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. जेथे पाऊसच थोडा आणि मुरूम उथळ, तेथे गवत, काटेरी झाडे आणि तरवडासारखी झुडपे हीच भूमीची स्वाभाविक वस्त्रे होत.

तथापि तरवड दिसला की तो माळ निरोगी, असेही समजू नये. गवत भरपूर आणि त्यात मधून मधून तरवड, ही एक स्थिती. गवताची काडी नाही, बोरी-बाभळींची रोपे खुरटलेली, आणि नुसता तरवडच तरवड दाटलेला, ही दुसरी. या दुसऱ्या ठिकाणी शेळ्या-मेंढ्यांनी खाण्याजोगे सगळे संपविले आणि न खाण्याजोगे तेवढे मागे राहिले, इतकाच त्याचा अर्थ. अशा माळाला विसावा हवा असतो. दोन-तीन पावसाळे चराई आवरली तर गवत आपण होऊन झुडपांमधून डोके वर काढते. कुदळ मारण्यापूर्वी या दोन माळांतला फरक पाहणारा कोणीतरी असला पाहिजे, आणि तो बहुधा गावातीलच एखादा मेंढपाळ असतो. त्याला विचारण्याची मात्र पद्धत नाही.

बांधावर किंवा उघड्या मुरमावर ज्यांना तरवड लावावयाचा असेल, त्यांना रोपवाटिकेची गरज नाही. हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या शेंगा हाताने काढून बी जपून ठेवावे. मृगाच्या सुमारास ते कढत पाण्यात टाकून, पाणी निवेपर्यंत तसेच राहू द्यावे. टणक कवच त्याने नरम पडते. नंतर पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन बोटे खोल पेरावे. पहिली दोन वर्षे भोवतालचे गवत काढण्याची घाई करू नये. कुंपण लागत नाही, कारण शेळी त्याला तोंड लावीत नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या घटाला माळ बहुधा घरच्याच फुलांची होते.